एवढा पाऊस पडूनही उकाडा का गेला नाही? जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुम्ही म्हणताय की यंदाच्या उन्हाळ्याने अक्षरशः भाजून काढलं आणि तरी आठवड्यातून दोन-तीनदा गडगडाट, सोसाट्याचा वारा, धो धो पाऊस, एकदा तर गारासुद्धा, आणि पाऊस पडल्यावर गार वाटायचं सोडून दुसऱ्या दिवशी जास्तच घामाच्या धारा. त्यात ज्या दिवशी तुमच्या आईंना भोवळ आली त्या दिवशी मोबाईलवर तापमान जेमतेम ३१ होतं, आणि आदल्या आठवड्यात ३६ असताना त्यांना काहीच झालं नव्हतं. मग आकडे चुकतायत की आपल्याला उगाच वाटतंय, आणि पुढच्या वर्षीही हेच का, असं तुम्ही विचारलंय. आई आता बऱ्या आहेत हे शेवटी लिहिलंत ते बरं केलंत.

मी २४ वर्षं हवामानाच्या कामात आहे, पहिली बरीच वर्षं वेधशाळेत नोंदी घ्यायचं काम केलं आणि नंतर अंदाज द्यायच्या टेबलवर बसले, त्यामुळे रोज जे बघते त्यावरूनच सांगते. एक आधीच कबूल करते, तुमची जागा समुद्राजवळ आहे की आत, उंचावर की खोलगट, आजूबाजूला माती आणि झाडं आहेत की सगळं काँक्रीट, यावर बरंच काही बदलतं आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

खरी अडचण मला अशी दिसते की आपण ऊन आणि पाऊस यांना एकमेकांचे वैरी धरून चालतो, एक आला की दुसऱ्याने जायचं. दिवसभर रिपरिप पडणाऱ्या पावसाच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे, कारण तेव्हा आभाळ झाकलेलं असतं आणि हवाही लांबून वाहून आलेली असते. तुमच्याकडे पडला तो पाऊस वेगळ्या जातीचा. गडगडाटी पाऊस त्या उकाड्याच्याच पोटातून निघतो, तापलेली दमट हवा हेच त्याचं इंधन. त्यामुळे "एवढं गरम असून पाऊस कसा" हा प्रश्न मला पडत नाही, मला पडतो तो असा की पाऊस जाताना हवेत काय ठेवून गेला.

आधी तुमच्या ३१ आणि ३६ कडे येते. तापमान मोजतात ते सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १९ व्या शतकात ही पेटी बनवली म्हणून आम्ही तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतो. आतला साधा थर्मामीटर फक्त हवेचं तापमान सांगतो. पण त्याच्या शेजारी अजून एक असतो, त्याच्या फुग्याला मलमलचा तुकडा गुंडाळलेला आणि त्यातून एक दोरा खाली डिस्टिल्ड वॉटरच्या छोट्या बाटलीत सोडलेला. पाणी दोऱ्यातून वर चढतं, मलमल ओली राहते, आणि ती ओल सुकताना उष्णता काढून घेते म्हणून हा थर्मामीटर कोरड्याच्या खाली उभा राहतो. हवा कोरडी असेल तर दोघांत चांगला १२-१५ अंशांचा फरक पडतो, हवा दमट असेल तर तीन-चारच, कारण ओल सुकतच नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमचे सीनिअर सारखे म्हणायचे, कोरडा सगळेच बघतात, तू ओल्याकडे लक्ष दे. मला ते पटायला एक उन्हाळा लागला. तो मलमल गुंडाळलेला थर्मामीटर म्हणजे घाम आलेलं आपलं अंगच आहे.

तुम्ही ह्युमिडिटी दिलेली नाही, पण अशा दिवसांना साधारण जे आकडे असतात ते घालून बघू. ३६ चा दिवस कोरडा होता असं धरलं, सापेक्ष आर्द्रता २४ टक्के, तर ओला थर्मामीटर २०-२१ ला उभा राहील आणि हीट इंडेक्सच्या (तापमान आणि हवेतली ओल मिळून काढलेल्या आकड्याच्या) हिशेबाने अंगाला जाणवेल ३५ च्या आसपास. आता पावसाच्या दुसऱ्या दिवशीचे ३१ घ्या, आर्द्रता ७५ टक्के, ओला थर्मामीटर २७ च्या वर आणि अंगाला जाणवतात जवळपास ३९, आणि हा हिशेब सावलीतला आहे हां, उन्हात त्याहून जास्त. म्हणजे पाच अंश कमी असलेला दिवस शरीराला चार अंशांनी जास्त गरम पडला. तुमचं काही चुकलेलं नाही आणि मोबाईलही खोटं बोलला नाही, तो आकडा शरीराबद्दल काही सांगतच नव्हता एवढंच.

इथे ह्युमिडिटीच्या टक्क्यांनी पण फसायला होतं. पहाटे २५ अंशांना ९४ टक्के आणि दुपारी ३६ ला ५० टक्के, हे बघून लोकांना वाटतं दुपारी हवा कोरडी झाली. दोन्ही वेळेला हवेत पाणी जवळपास तेवढंच आहे, फक्त गरम हवेत मावतं जास्त म्हणून टक्का खाली दिसतो. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम. म्हणून मी टक्के सोडून दवबिंदू बघते, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर दव पडायला लागेल तो आकडा, बहुतेक हवामानाच्या ॲपमध्ये तो असतो पण कोणी बघत नाही. वरच्या उदाहरणात कोरड्या ३६ च्या दिवशी दवबिंदू १२, आणि ३१ च्या दिवशी २६. त्या दोन दिवसांतला खरा फरक हा.

आता वादळं का. आमच्या भाषेत तीन गोष्टी लागतात: खाली दमट गरम हवा, वर तिच्या मानाने थंड हवा, आणि पहिला धक्का द्यायला काहीतरी. जगभर रोज ठरलेल्या वेळी, ०० आणि १२ यूटीसीला (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार), फुगे सोडतात, फुग्याला लटकवलेली छोटी पेटी वर जाताजाता तापमान आणि ओल कळवत राहते आणि त्याचा आलेख आमच्यासमोर येतो. साधी हवा वर चढताना दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते. पण तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागलं की वाफ होताना पाण्याने घेतलेली, तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते आणि तीच हवा मग किलोमीटरला पाच-सहा अंशच थंड होते, म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि अजून वर जाते. ही उष्णता किती असते त्याचा अंदाज द्यायचा तर एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढं पाणी ढगात तयार होताना जवळपास साडेतीन कोटी युनिट विजेएवढी उष्णता सुटलेली असते. त्याच्याच जोरावर ढग १२-१५ किलोमीटर उंच जातो.

मग रोज का नाही पडत? कारण बऱ्याचदा दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. दमट हवा खाली कोंडून राहते, दिवसभर तापते, आणि आपण म्हणतो आज नुसतं कोंदटलंय, पानसुद्धा हलत नाही. झाकण दिवसभर टिकलं तर काहीच होत नाही, नुसता घाम. दुपारी उशिरा फुटलं तर दिवसभर साठलेलं सगळं एकदम वर जातं. अंदाज देताना माझी सर्वात जास्त चूक इथेच होते, इंधन आहे हे नक्की सांगता येतं पण झाकण फुटणार का आणि कुठे, हे दुपारपर्यंत कळत नाही. म्हणून अंदाजात "काही ठिकाणी" असं लिहिलेलं असतं, त्यावर लोक चिडतात हे मला माहितीय, पण त्या दोन शब्दांसाठी आम्ही खूप डोकं खपवलेलं असतं.

ढगाचा तळ किती उंच असेल याचा एक सोपा हिशेब आहे, तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि १२५ ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. ३६ आणि १२ असेल तर तळ ३,००० मीटरवर, एवढ्या उंचीवरून पडणारा पाऊस वाटेतच सुकतो, नुसती धूळ, वारा आणि विजा. ३६ आणि २४ असेल तर तळ १,५०० वर, तिथून येतो तो मुसळधार. तुमच्याकडे यंदा नुसतं धुळीचं वादळ न होता पाणी साचेपर्यंत पाऊस झाला यावरूनच मला वाटतं की दवबिंदू सबंध सीझनभर चढा होता.

एक दुपार अजून डोळ्यासमोर आहे. कोरडा ३७, ओला २७ च्या किंचित वर, वारा पूर्ण पडलेला. पश्चिमेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग, त्याची कड आधी कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ होती आणि मग वरचं टोक विस्कटून केसासारखं पसरायला लागलं, म्हणजे वरचं पाणी गोठायला लागलं, आता हा पडणार. चारची नोंद घ्यायला पेटीचं दार उघडलं आणि मनगटाला गार झुळूक लागली, मागोमाग ओल्या मातीचा वास, पाऊस अजून लांब होता तरी. वारा एकदम उलट्या दिशेने फिरला आणि पारा माझ्यासमोर उतरायला लागला, ३६, ३४, ३१. मी आत पळाले. वीस मिनिटांत तापमान २४ वर आलं, पाऊण तासात पर्जन्यमापकात ४४ मिलिमीटर. साडेपाचला परत लख्ख ऊन, डांबरावरून वाफा निघतायत, आणि सातला मी नोंद घेतली तेव्हा कोरडा २८ आणि ओला २६. हिशेब केला तर दवबिंदू वादळाआधी २४ होता आणि वादळ येऊन गेल्यावर २५ च्या वर! तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीच्या दोन ओळींत आहे. गारवा आला तो पावसाच्या थेंबांनी वाटेत सुकून थंड केलेल्या, वरून खाली आदळलेल्या हवेचा, आणि तो तासा-दोन तासांत पसरून संपला. पाणी मात्र जमिनीवर राहिलं, उन्हाने त्याची वाफ केली आणि हवा आधीपेक्षा जास्त ओली झाली.

आणि रात्र. याच्याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून मी मुद्दाम लिहितेय. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते, हवेत वाफ भरपूर असेल तर ती उष्णता अडते आणि परत खाली येते. शिवाय तापमान उतरत उतरत दवबिंदूला टेकलं की दव किंवा धुकं व्हायला लागतं, त्यातून पुन्हा दडलेली उष्णता सुटते आणि उतरणं जवळजवळ थांबतं. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू बघितला की पहाटेचं किमान तापमान साधारण कुठे थांबणार ते कळतं, त्याच्या फार खाली ते जात नाही. दवबिंदू १२ असेल तर ३६ च्या दिवसानंतरही पहाटे अंगावर पांघरूण घ्यावं लागू शकतं. दवबिंदू २६ असेल तर रात्रभर सुटका नाही, घराच्या भिंती थंड होत नाहीत, आणि दुसरा दिवस सुरू होतो तोच वरच्या पायरीवरून. कमाल तापमानाचे आकडे नेहमीसारखे आणि लोक मात्र हैराण, असं ज्या उन्हाळ्यात होतं तिथे मी सगळ्यात आधी किमान तापमानाचा कॉलम काढून बघते.

"पाऊस जास्त झाला" यातही एक गोम आहे. मिलिमीटर जास्त झाले म्हणजे ढगाळ तास जास्त झाले असं नाही. आठवड्याला अडीच वादळं धरली तर तीन महिन्यांत ३०-३२ होतात, प्रत्येकी एक तास म्हणजे ३०-३२ तास, आणि त्या तीन महिन्यांत दिवसाउजेडाचे तास हजाराच्या वर, शिवाय ही वादळं येतात बहुतेक दुपार कलल्यावर म्हणजे तापायचं ते तापून झाल्यावर. पाऊस मोजला तर ओला उन्हाळा, ऊन मोजलं तर कोरड्या उन्हाळ्याएवढंच.

एकामागोमाग एक का येत राहिली तर त्याला दोन कारणं दिसतात. एकेक ढग तसा अल्पायुषी असतो, १९४६-४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायोला बायर्स आणि ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी विमानं थेट वादळी ढगांत घालून मोजमापं घेतली तेव्हा त्याच्या वाढणं, भरात येणं आणि विरणं अशा तीन अवस्था नीट कळल्या, सगळं मिळून तासाभराचा खेळ. पण विरताना खाली आदळलेली थंड हवा जमिनीलगत पाचरीसारखी पसरते आणि पुढची गरम हवा उचलते, तिथे दुसरा ढग उभा राहतो. दुसरं कारण मोठ्या नकाशावरचं. उष्णतेच्या लाटेत हवेच्या जास्त दाबाचा एक घुमट एखाद्या भागावर ठाण मांडून बसतो, त्याच्या मध्यभागी कोरडं कडक ऊन आणि काठावर मात्र बाजूने ओली हवा आणि वादळं. घुमट थोडा इकडे सरकला की तुम्ही मध्यात, तिकडे सरकला की काठावर. असा घुमट काठ हलवत महिनाभर तिथेच राहिला तर भाजणारे दिवस आणि वादळाचे दिवस आलटून पालटून येतात आणि सीझनच्या शेवटी दोन्ही जास्त भरतात. नकाशे न बघता छातीठोक सांगणार नाही, पण तुमच्या वर्णनावरून माझा कल याच्याकडे आहे.

तुम्ही गारांच्या दिवशी झाडं पडल्याचं लिहिलंय आणि चक्रीवादळ होतं का विचारलंय. पडलेली झाडं बघा, एकाच दिशेने किंवा एका जागेपासून बाहेर पसरल्यासारखी पडली असतील तर तो खाली आदळलेल्या हवेचा मार. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वादळात उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, त्याचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी हा प्रकार वेगळा ओळखून दाखवला, तोपर्यंत असं नुकसान बऱ्याचदा दुसऱ्याच खात्यात मांडलं जायचं.

पुढच्या वर्षीचं सांगायचं तर एका उन्हाळ्यावरून हवामान बदललं असं मी कधी म्हणत नाही, आणि पुढचा असाच जाईल असंही नाही, ते घुमट कुठे बसतो यावर आहे आणि ते इतकं आधी कोणालाच सांगता येत नाही. पण मागची जमीन सरकतेय हे खरं आहे. हवा एक अंश गरम झाली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५०–१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं. म्हणजे वादळाला लागणारं इंधन आता जगात सगळीकडे थोडं जास्त आहे. "सरासरी" म्हणून जो आकडा सांगतात तोही सध्या १९९१–२०२० या ३० वर्षांचा आहे, ती वर्षं मुळात आधीपेक्षा गरम, त्यामुळे "सरासरीएवढंच" हे ऐकून निर्धास्त राहू नका.

आईंसाठी, कारण मला वाटतं तुम्हाला खरं तेच विचारायचं होतं. वय झालं की घाम कमी येतो आणि तहान उशिरा लागते, त्यामुळे दमट दिवस त्यांना आपल्यापेक्षा आधी लागतात. कमाल तापमान बघून दिवस ठरवू नका, दवबिंदू २४ च्या वर असेल तर आभाळ आलेलं असलं तरी तो दिवस कडक उन्हाचाच समजा, आणि पावसानंतर लख्ख ऊन पडलेली सकाळ सगळ्यात जास्त जपायची. ३१-३२ अंशांना पंखा खरंच उपयोगी पडतो, अंग ओलं करून पंख्याखाली बसवलं तर अजून. वादळाचा गार वारा येतो तेव्हा जोर ओसरला की खिडक्या सताड उघडून घर थंड करून घ्या, तो तासभराचाच असतो. ओल्या थर्मामीटरचे ३५ ही माणसाच्या सहनशक्तीची हद्द असं पूर्वी सांगायचे, प्रत्यक्ष प्रयोगांत तरुण निरोगी लोकांचंही शरीर दमट हवेत ३०-३१ लाच हरायला लागलेलं दिसलंय, त्यामुळे २७-२८ म्हणजे वयस्कर माणसाला सोपं नाही. बोलण्यात गोंधळ, अंग भट्टीसारखं, शुद्ध हरपल्यासारखं, असं दिसलं तर अंगावर पाणी ओतत ओतत दवाखाना, थांबून बघायचं नाही. आणि विजांचं: चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही, झाडाखाली तर अजिबात नाही.

एक विनंती आहे. भोवळ आली त्या दिवशीचं पहाटेचं किमान तापमान आणि आदल्या संध्याकाळचा दवबिंदू तुमच्या ॲपमध्ये मागे जाऊन सापडला तर इथे टाका. माझा अंदाज आहे की त्या रात्री तापमान २५ च्या खाली उतरलंच नसणार, आणि त्याच्या आदल्या रात्रीही नाही.